नाशिकमधला आजारी रीफ टँक रुळावर आणायचा असेल तर

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, बिघडतोय हे आधी झोअँथिड, म्हणजे फुलांसारखी दिसणारी छोटी प्रवाळं, सांगतात. दिवे लागून दोन तास झाले तरी फुलं मिटलेलीच. मग वाळूवर तपकिरी थर येतो, लेदर कोरल मान टाकतं, क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. अशा वेळी घरोघरी एकच होतं. दुकानदार एक बाटली सांगतो, मित्र दुसरी, व्हिडिओवाला तिसरी, आणि तिन्ही एकाच आठवड्यात पाण्यात जातात.

त्या बाटल्या घ्यायच्या आधी हे वाचा. नाशिकमध्ये मी पाहिलेल्या आजारी टँकांपैकी बहुतेकांना रोग असा काही झालेला नव्हता. त्यांना ऊन बाधलं होतं, नाहीतर रोज वरून ओतलं जाणारं पाणी बाधलं होतं. म्हणून खालचा क्रमही तसाच आहे: आधी तापमान, मग पाणी, मग बाकीचं. बाटल्या सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर नाहीतच.

साधारण १०० ते ३०० लिटरचा टँक आणि त्यात झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया अशी मऊ प्रवाळं, दोन-चार मासे, एखादी कोळंबी, असं धरून लिहिलं आहे. दगडी प्रवाळांचा विषय शेवटच्या भागात येईल, कारण तिथे कायदा आडवा येतो.

## हाताशी काय हवं

- रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं उपकरण, समुद्राच्या पाण्यासाठीचा. तरंगत्या काट्याचं प्लॅस्टिक हायड्रोमीटर विश्वासाचं नाही.
- टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. काही शे रुपयांत मिळतं आणि या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच.
- दोन थर्मामीटर. दोन अशासाठी की एक खोटं बोलायला लागलं तर दुसऱ्यामुळे कळतं.
- अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटीचे (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) टेस्ट किट. खोक्यावरची मुदत बघूनच घ्या. मुदत संपलेलं किट स्वस्तात देणारे असतात.
- डीआय रेझिन (आरओतून निसटलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) जोडलेला आरओ. याबद्दल चौथ्या पायरीत सविस्तर.
- झाकणाची दोन फूड-ग्रेड पिंपं, त्यातल्या एकासाठी छोटा पंप आणि हीटर. या पिंपांत दुसरं काहीही धुवायचं नाही, साबण तर अजिबात नाही.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप.
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हे हौसेसाठी नाहीत. का ते पाचव्या पायरीत.
- एक वही.

नाशिककरांसाठी एक खास इशारा. आपल्याकडे घरात तांब्या-पितळेची भांडी भरपूर. टँकचं पाणी त्यात साठवू नका, त्यातून ओतू नका, मीठही त्यात कालवू नका. माशांना सोसतं तेवढं तांबंसुद्धा कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळाला मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जी औषधं मिळतात त्यांतल्या बऱ्याच औषधांत तांबंच असतं, म्हणून ती मुख्य टँकमध्ये कधीही घालायची नाहीत. मासा आजारी असेल तर त्याला वेगळ्या बादलीत नाहीतर छोट्या टँकमध्ये काढा.

## १. मासे आत्ताच धापा टाकत असतील तर

नसतील तर थेट दुसऱ्या पायरीवर जा.

एअर पंप लावा आणि वेव्हमेकरचं, म्हणजे टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाचं, तोंड वर करा, पृष्ठभाग सतत हलता राहिला पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी आणि पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. खारं पाणी मुळात गोड्यापेक्षा कमी ऑक्सिजन धरतं, गरम पाणी त्याहून कमी. मुंबईच्या माणसाचा टँक मे महिन्यात जिथे कसाबसा तगतो तिथे आपला मासा वर येतो.

मग मेलेलं काही आहे का ते शोधा. दगडामागे अडकलेला मासा किंवा उलटी पडलेली गोगलगाय लहान टँकमध्ये एका रात्रीत अमोनिया वाढवते. अमोनियाचं टेस्ट करा. रंग जरा जरी चढला तर २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि खाणं दोन दिवस बंद ठेवा. निरोगी मासा दोन दिवसांच्या उपासाने मरत नाही. जाळीत ॲक्टिव्हेटेड कार्बन भरून पाण्याच्या वाटेत ठेवा.

आणि घरात विचारा: आज झुरळांचा स्प्रे मारला का? डासांचं लिक्विड टँकच्या खोलीत रात्रभर चालू असतं का? त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्यं एअर पंपातून सरळ पाण्यात जातात. सगळ्यात आधी कोळंबी जाते, मग मासे. सकाळी कोळंबी आडवी आणि टेस्ट सगळ्या ठीक, असं दिसलं तर संशय इथेच घ्या, पाणी बदला, कार्बन ताजा घाला.

## २. दोन दिवस फक्त मोजा

या दोन दिवसांत पाण्यात काहीही घालायचं नाही. सकाळी दिवे लागायच्या आधी आणि रात्री बंद व्हायच्या आधी तापमान घ्या, बाकीचं दिवसातून एकदा. वहीत लिहा. मोबाईलमधला फोटोही चालेल, पण लिहिलेलं दोन महिन्यांनी सापडतं.

मऊ प्रवाळांच्या टँकसाठी मी हे आकडे धरतो:

- तापमान २५ ते २६ अंश. दिवसरात्रीत एका अंशापेक्षा जास्त फरक नको
- खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६
- अमोनिया आणि नायट्राइट शून्य
- नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाख भागांत)
- फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम
- अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप)
- कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम
- पीएच ७.८ ते ८.३

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले तर खूश होऊ नका. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या शेवाळालाही खत लागतं, आणि अगदी उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचं भलतंच प्रकरण बोकाळतं. ते सातव्या पायरीत भेटेल.

मोजण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर तपासा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवलं म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण विकत मिळतं. नाही मिळालं तर ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवा. या द्रावणावर रिफ्रॅक्टोमीटरची रेघ ३५ वर यायला हवी. सोनाराच्या नाही तरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे नीट जमतं.

खारेपणा चुकलेला निघाला तर एका दिवसात सगळा सुधारायचा नाही. दिवसाला ०.००१, फार तर ०.००२ इतकाच हलवा. १.०३० चा टँक १.०२५ वर आणायला चार-पाच दिवस लागले तर लागू देत.

## ३. तापमान: एप्रिलचं ऊन आणि जानेवारीची रात्र

नाशिकची हवा छान, असं बाहेरचे म्हणतात. टँकवाल्याला विचारा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि थंडीत पहाटे दहा अंशांच्याही खाली जातो. निफाडकडे त्याहून वाईट. पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेला टँक संध्याकाळी सहाला ३० अंशांवर आणि सकाळी २६ वर, असा झोका रोज खात असतो. ३० च्या वर काही दिवस राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मेलेलं नसतं, पण उपाशी असतं.

पहिला उपाय फुकटचा आहे: टँकवर येणारं ऊन अडवा, काचेचं झाकण काढून जाळी लावा, आणि उन्हाळ्यात दिव्यांची वेळ संध्याकाळी सहा ते रात्री एक-दोनपर्यंत सरकवा. दिव्यांची उष्णता आणि दुपारची उष्णता एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत.

दुसरा उपाय पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन ते चार अंश सहज उतरवतो. हे काम बाष्पीभवनाचं आहे, म्हणून हवा दमट झाली की पंखा नुसताच फिरतो. मे अखेरपासून पहिला पाऊस नीट लागेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात, हे दोन काळ फसवे असतात: उकाडा आहे आणि हवेत ओलही आहे. टँक पंख्यावर असेल तर या दिवसांत दुपारी घरी कोणीतरी थर्मामीटर बघणारं हवं. दोनशे लिटरच्या पुढचा टँक आणि वरच्या मजल्यावरचं, गच्चीखालचं घर असेल तर चिलरचा खर्च टाळता येत नाही. एसीच्या खोलीत टँक असेल तर एसीच पुरे, पण दार-खिडक्या बंद राहिल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. दिवसातून दोनदा खोली उघडी टाका.

बर्फाबद्दल विचारणारे खूप. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली संपमध्ये (टँकखालची फिल्टरची टाकी) तरंगवली तर चालते, एक अंश उतरला की काढायची. सुटे बर्फाचे खडे टँकमध्ये टाकायचे नाहीत, फ्रीजचा बर्फ नळाच्या पाण्याचा असतो.

थंडीत हीटर. लिटरमागे साधारण एक वॅट धरा, पण २०० वॅटचा एक घेण्याऐवजी १०० चे दोन घ्या. हीटर बिघडतो तेव्हा बहुधा चालूच अडकतो. मोठा अडकला तर सकाळपर्यंत सार तयार. छोटा अडकला तर तुम्हाला उठायला वेळ मिळतो. वेगळा थर्मोस्टॅट कंट्रोलर जोडला तर आणखी बरं.

वीज जाते तेव्हा आधी तापमान नाही, ऑक्सिजन जातो. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर तेवढा जोडा. हीटर, चिलर आणि दिवे जोडू नका. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा, स्वस्त चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंप गुणगुणतात आणि तापतात.

विजेवरून आठवलं. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे प्लगांवर साठून पांढरी मिठाची बुरशी धरते, आणि ती वीज वाहते. बोर्ड टँकच्या खाली नको, बाजूला वर हवा. प्रत्येक वायरला प्लगआधी खाली लोंबणारा वळसा द्या म्हणजे वायरीवरून घरंगळणारं पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडेल. इलेक्ट्रिशियनकडून त्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या. हात घालताना गुदगुल्या होतात असं कोणी म्हणालं तर हसू नका, सगळे प्लग काढा.

## ४. वरून ओतायचं पाणी

माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे.

टँकमधून पाणी उडतं, मीठ उडत नाही. पंखा लावलेल्या २०० लिटरच्या टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच लिटर सहज जातं. चार दिवस कोणी लक्ष दिलं नाही तर २० लिटर गेलं, आणि ३५ पीपीटीचं पाणी ३९ च्या जवळ पोचलं. मग गावाहून आलेला मालक एकदम दोन बादल्या ओततो आणि ते पुन्हा धाडकन ३५ वर येतं. झोअँथिड मिटणार नाहीत तर काय होईल?

म्हणून रोज, ठरलेल्या खुणेपर्यंत, गोडं शुद्ध पाणी घाला. संपवर मार्करने रेघ मारा. जमलं तर फ्लोट व्हॉल्व्हचा किंवा सेन्सरचा ऑटो टॉप-अप बसवा. भरायचं ते गोडंच. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

आता हे गोडं पाणी आणायचं कुठून? महापालिकेच्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं, पिण्याला उत्तम. पण त्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात गाळ असतो, आणि विरघळलेली सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट असं थोडं थोडं सगळं असतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी काळ्या खडकातून आलेलं, बहुधा जड. रोज पाच लिटर २०० टीडीएसचं पाणी घातलं तर रोज एक ग्रॅम, महिन्याला तीस ग्रॅम नको असलेले क्षार टँकमध्ये जातात आणि बाहेर काहीच पडत नाही. शेवाळाचं खत तुम्हीच घालताय.

‘आमच्याकडे आरओ आहे’ असं ऐकलं की मी टीडीएस पेन खिशातून काढतो. स्वयंपाकघरातल्या आरओला चव यावी म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह असतो, टीडीएस कंट्रोलर म्हणतात त्याला. तो न गाळलेलं पाणी थोडं परत मिसळतो. कित्येक मशीनना वर मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज असतं, ते पुन्हा क्षार घालतं. पिणाऱ्याचं भलं, टँकचं नाही. पेनवर ५०, ८० असे आकडे दिसतात. टँकला शून्य हवं.

करायचं असं: मेम्ब्रेनमधून निघालेली नळी, मिनरल कार्ट्रिजच्या आधी, ‘टी’ आकाराचा जोड लावून वेगळी काढा आणि तिला डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. आरओवाला अर्ध्या तासात करून देतो, फक्त त्याला ‘पिण्यासाठी नाही’ हे दोनदा सांगा. रंग बदलणारं रेझिन घ्या. पेनने शून्य ओलांडलं की रेझिन बदला. पावसाळ्यात पहिला गाळ-फिल्टर आणि कार्बन फिल्टर लवकर भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये दर महिन्याला उघडून बघा. क्लोरीन कार्बनमधून निसटलं तर मेम्ब्रेन खराब होतो.

बाटलीबंद पाण्याचे जार वापरायचे असतील तर प्रत्येक जारमध्ये पेन बुडवा. त्यांतही क्षार मुद्दाम घातलेले असतात.

## ५. घाण काढा, पण एका दिवसात नाही

स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कप, संपमधला गाळ, पंपांची तोंडं, फिल्टरचा कापूस: हे पहिल्या आठवड्यात साफ करा. कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदला. घाणेरडा कापूस आत राहिला तर नायट्रेटचा कारखानाच. पंप व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून चुना उतरवला की प्रवाह पहिल्यासारखा होतो, आणि अनेकदा निम्मा आजार तिथेच असतो.

वाळूला मात्र जपून हात लावा. जुनी, जाड वाळू एकदम ढवळली तर खालचा कुजका वायू वर येतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि मासे मरतात. एक तृतीयांश भाग आज, पुढचा आठवड्याने, सायफनने ओढत.

दगड बाहेर काढून घासायचा मोह होईल. इथे हातमोजे आणि चष्मा घाला. काही झोअँथिड आणि पॅलिथोआ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, जगातल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांपैकी एक. हाताला कापलेलं असताना त्यांना चोळणं, ब्रशने घासताना डोळ्यात शिंतोडा उडणं, किंवा दगड निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकणं, यांतून माणसं दवाखान्यात पोचली आहेत. उकळण्याची वाफ तर घरातल्या सगळ्यांना बाधते. दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, सुका घासायचा नाही. बायको-मुलांनाही सांगून ठेवा.

## ६. पाणी बदलणं

वीस टक्के पाणी तीनदा बदललं की नायट्रेट साधारण निम्म्यावर येतं. त्यामुळे सावरण्याच्या काळात पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा १५-२० टक्के बदला, नंतर आठवड्याला १० टक्के पुरे. एकदम ७० टक्के बदलून ‘नवं कोरं’ करणाऱ्यांचे टँक मी पुढच्या महिन्यात विकायला निघालेले पाहिले आहेत.

मीठ आदल्या दिवशी कालवा. पिंपात आधी शून्य टीडीएसचं पाणी, पंप चालू, मग मीठ थोडं थोडं, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. उलटं केलं, मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा गाळ होऊन बसतात. दुसऱ्या दिवशी खारेपणा आणि तापमान टँकशी जुळलं की वापरा. मिठाची पिशवी पावसाळ्यात उघडी राहिली तर ढेपा होतात; हवाबंद डब्यात ठेवा.

दर वर्षी कोणीतरी विचारतंच: मुंबईला गेलोच होतो, येताना समुद्राचं पाणी आणलं तर? नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि पावसाळ्यात नुसतं गढूळ गोडं पाणी असतं.

## ७. काचेवर काय उगवलंय ते आधी ओळखा

सगळ्याला ‘शेवाळ’ म्हणून एकच औषध घातलं की फसलात.

चहाच्या भुकटीसारखा तपकिरी थर, बोटाने पुसला की जातो: डायटम. नवीन टँकमध्ये आपोआप येतो-जातो. जुन्या टँकमध्ये आला तर पाण्यात सिलिका जातेय, चौथ्या पायरीवर परत जा.

लाल-जांभळट, पातळ चादरीसारखं, सायीसारखं उचलून निघतं: सायनोबॅक्टेरिया. जिथे प्रवाह मेलेला असतो तिथेच येतं. सायफनने ओढून काढा, वेव्हमेकर तिकडे वळवा, खाणं कमी करा. त्याच्यावरच्या पावडरीत बहुधा प्रतिजैविक असतं. ती वापरायचीच असेल तर एअर पंप लावल्याशिवाय नको, ऑक्सिजन झपाट्याने उतरतो.

तपकिरी, शेंबडासारखे तार, त्यात अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी दुप्पट: डायनोफ्लॅजेलेट. हे खरं दुखणं. आणि इथे नेहमीची बुद्धी उलटी चालते. पाणी जास्त बदललं, फॉस्फेट काढणारं माध्यम घातलं की हे आणखी फोफावतं, कारण बाकी सगळे उपाशी मरतात आणि रान याला मोकळं मिळतं. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर आणा, मुख्यतः माशांना थोडं जास्त खायला घालून. तीन दिवस टँक पूर्ण अंधारात ठेवा. पाण्यात तरंगणारी जात असेल तर यूव्ही दिवा चांगला लागू पडतो. खात्री हवी असेल तर ओळखीच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांकडे थेंब घेऊन जा, सूक्ष्मदर्शकाखाली हे जीव गोल फिरताना स्पष्ट दिसतात.

हिरवं केसाळ शेवाळ हाताने उपटा, आणि खाणं व दिव्यांचे तास कमी करा. फॉस्फेट काढणारं माध्यम घातलंत तर सांगितलेल्याच्या चौथ्या हिश्श्याने सुरुवात करा. फॉस्फेट एका रात्रीत ०.५ वरून ०.०२ वर पाडलं तर शेवाळाआधी प्रवाळ जातं.

काचेसारखे तपकिरी, छोट्या ताडाच्या झाडासारखे जीव दगडाच्या फटीत दिसले तर ते ऐप्टेशिया. ओढून काढले तर तुकड्यातुकड्यातून नवे उगवतात. सिरिंजने तोंडात चुन्याची घट्ट पेस्ट सोडा, त्या वेळी पंप बंद. पेपरमिंट कोळंबीही त्यांना खाते, तिचा मूड असेल तर.

## ८. दिवे

आठ तास पुरे. पांढरा प्रकाश कमी, निळा जास्त. पांढरं पडलेलं प्रवाळ खाली सावलीत हलवा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर आणा. नवा जोरदार एलईडी घेतलाच असेल तर ३० टक्क्यांवर सुरू करा.

## ९. बाटल्या आणि पावडरी

मऊ प्रवाळांच्या टँकमध्ये नियमित पाणी बदलत असाल तर कॅल्शियम वेगळं घालायची गरज सहसा पडत नाही. ट्रेस एलिमेंटच्या (अगदी कणभर लागणारी मूलद्रव्यं) बाटल्या तर टेस्ट न करता कधीच नाहीत. जे मोजता येत नाही ते घालू नये.

अल्कलिनिटी खरंच खाली असेल, समजा ६, तर साधा खाण्याचा सोडा चालतो. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा अल्कलिनिटी सुमारे १ डीकेएचने वाढवतो. शुद्ध पाण्यात विरघळवून, जोरदार प्रवाहात, सावकाश ओता. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. बेकिंग पावडर नाही, पोटासाठी घेतात ते फ्रूट सॉल्ट तर नाहीच. डबा नीट वाचा. टँकचं पाणी किती लिटर आहे ते मोजताना दगड-वाळूची जागा वजा करा, २०० लिटरच्या काचेत बहुधा १६०-१७० च असतं.

चुन्याची निवळी थेंबथेंब सोडण्याची जुनी पद्धत चांगली आहे, पीएचही वर राहतो. पण तिचा पीएच १२ च्या आसपास असतो, म्हणून रात्रभरात अगदी हळू, आणि चुना खाद्य-दर्जाचा. पानाच्या डबीतला नाही.

## १०. नवीन जीव आणि कागदपत्रं

आकडे महिनाभर स्थिर, जुने झोअँथिड रोज उघडतायत, काच आठवड्यातून एकदाच पुसावी लागते. तेव्हा एक नवीन जीव आणा. पुन्हा दोन-तीन आठवडे थांबा.

खरेदीआधी कायदा समजून घ्या. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. २००१ साली त्याच्या संरक्षणात सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्री काकड्या आल्या. मेलेल्या प्रवाळाचा शोभेचा सांगाडाही यात धरला जातो. कोकणात फिरायला गेल्यावर उचललेला प्रवाळाचा खडा टँकमध्ये ठेवणं म्हणजे फुकटची आफत. काही शंख-गोगलगायीही संरक्षित आहेत, त्यामुळे ‘काच साफ करणारी गोगलगाय’ एवढ्यावर समाधान मानू नका, जातीचं नाव बिलावर लिहून मागा. दुकानदार ‘सगळेच ठेवतात’ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. दगड कृत्रिम किंवा सिमेंट-सिरॅमिकचा घ्या, जिवाणू त्यातही राहतात.

एका फायलीत ठेवायचे कागद:

- प्रत्येक जिवाचं बिल, शास्त्रीय नावासह
- आयात केलेला असेल तर विक्रेत्याकडून आयातीच्या कागदांची प्रत
- जात साइट्स (CITES) यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेली, असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदीची प्रत. अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ साली आले आहेत
- टँकचे मासिक फोटो आणि तुमची वही

शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा. नंतर विचारायला ते येतात.

खरेदी मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून करणार असाल तर मे महिना टाळा. थर्मोकोलचा खोका घेऊन जा, दुकानातून सगळ्यात शेवटी पिशव्या बांधून घ्या आणि सरळ निघा. कसारा घाटात गाड्या अडकल्या तर चार तासांचे सहा होतात. दुकानातल्या पाण्याचा खारेपणा तिथेच विचारून घ्या, कित्येक ठिकाणी तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. घरी वेगळ्या बादलीत तेवढ्याच खारेपणाचं पाणी तयार असू द्या.

पिशवी घरी आल्यावर बंदच ठेवून वीस मिनिटं टँकमध्ये तरंगवा, तापमान जुळेपर्यंत. उघडल्यावर मात्र तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्याने तो तितका जहाल नसतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून मासा जाळीने उचलून खारेपणा जुळवलेल्या बादलीत लगेच सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. मग त्या बादलीचा खारेपणा तीन-चार दिवसांत टँकच्या बरोबरीला आणा, आणि मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून, अंगावर ठिपके नाहीत ना हे पाहूनच मुख्य टँकमध्ये घ्या.